विचारा की : गाडीचे प्लग घरीच बदलू का, आणि अण्णांना न सांगता बदलू का?

पत्र थोडक्यात असं. संकेश्वर भागातली 27 वर्षांची एक वाचक रोज निपाणीला नोकरीला जाते. गाडी वडिलांची, 2014 ची पेट्रोल वॅगनआर, 61 हजार किलोमीटर झालेली. वडील म्हणजे अण्णा 31 वर्षं सरकारी बसवर ड्रायव्हर होते, गेल्या वर्षी बायपास झाल्यापासून गाडी हिच्याच हातात आहे. महिनाभर झालं, तवंदी घाटात चढाला गाडी झटके मारते, सपाट रस्त्याला काही नाही. हिने व्हिडिओ बघितले, ऑनलाइन 46 पीसचा टूलकिट मागवला, तीन नवे प्लगही आणून ठेवले. अण्णा म्हणतात, "गाडीला हात लावायचा नाही, मिस्त्रीकडं सोड." हिला वाटतं, मुलगी आहे म्हणून भरवसा नाही. येत्या रविवारी अण्णा गडहिंग्लजला लग्नाला जाणार आहेत, तेवढ्या वेळात गुपचूप बदलून टाकू का, असं ती विचारते. नेहमीचे मिस्त्रीमामा रागावतील अशी धास्तीही तिला आहे. पत्रात शेवटी एक ओळ आहे, की मागं चुलत भावानं नुसतं कूलंट ओतायला बॉनेट उघडलं तर अण्णा त्याच्यावरही ओरडले होते.

पोरी, आधी सरळ उत्तर देतो म्हणजे तुझा जीव टांगणीला नको. प्लग घरी बदलता येतात, तुलाही येतील, आणि तू ते शिकावंस असं मला मनापासून वाटतं. पण या रविवारी नको, आणि अण्णा गावाला गेलेत बघून तर नकोच. का ते सांगतो, जरा लांबेल, पण मी बेळगावच्या उद्यमबागेत मशीनशॉपमधे आयुष्य काढलंय, आटे पाडणं आणि दुसऱ्यांनी घालवलेले आटे दुरुस्त करणं हेच काम केलंय, त्यामुळं या विषयावर मला दोन ओळीत लिहिता येत नाही.

पहिली गोष्ट, झटके प्लगमुळंच येतात असं तू धरून चाललीयस. तुझा अंदाज बरोबर असायची शक्यता बरीच आहे बरं का, आणि त्याला कारण तू स्वतःच लिहिलंयस, फक्त चढाला होतंय म्हणून. प्लगचं काम म्हणजे एक मिलिमीटरच्या आसपास असलेल्या फटीतनं ठिणगी उडवायची, आणि गाडी 3000 आरपीएमला असली की एकेका सिलिंडरमधे सेकंदाला 25 वेळा उडवायची. प्रत्येक ठिणगीला टोकाचा धातू कणभर झिजतो, हजारो किलोमीटरनंतर ती फट वाढते, आणि फट वाढली की ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. सपाट रस्त्याला तू ॲक्सिलरेटर हलका ठेवतेस, सिलिंडरमधे दाब कमी असतोय, ठिणगी कशीबशी उडते. घाटात पाय दाबलास की हवा-पेट्रोल जास्त भरतं, दाब वाढतो, आणि दाबलेल्या हवेतनं ठिणगी उडवणं अवघड असतं, मग एखादा ठोका चुकतो, आणि तीन सिलिंडरच्या गाडीत एक ठोका चुकला की तुला सीटवर झटका कळतो. आपल्याकडं ज्याला गाडी मिसिंग मारते म्हणतात ते हेच. साधे निकेलचे प्लग साधारण 30-40 हजार किलोमीटर चालतात, इरिडियमचे लाखाच्या घरात जातात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. तुझ्या गाडीत कुठले आहेत आणि मधे कधी बदललेत का हे तू लिहिलं नाहीस, कदाचित तुला माहीतच नसेल, आणि ते माहीत असलेला माणूस तुझ्या घरातच आहे.

पण असाच झटका प्लगला व्होल्टेज पुरवणारी गुंडाळी, म्हणजे इग्निशन कॉइल, गेल्यानंही येतो. एअर फिल्टर ऊसाच्या हंगामातल्या धुळीनं चोंदला तरी चढाला गाडी ओढत नाही, आणि पावसाळ्यात प्लगच्या खड्ड्यात पाणी किंवा ओल गेली तरी मिसिंग होतंय. म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी तीन गोष्टी बघ. मीटरमधे इंजिनचा पिवळा दिवा लागलाय का. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धर, आरपार उजेड दिसतोय का. आणि कुणाकडं ते छोटं ब्लूटूथ स्कॅनर असेल तर स्टेअरिंगखालच्या सॉकेटला लावून मोबाईलवर कोड वाच. पी-0301 आला तर पहिला सिलिंडर मिस होतोय, 0302 म्हणजे दुसरा, 0303 तिसरा, 0300 म्हणजे ठराविक एकच नाही. एकाच सिलिंडरचा कोड आला तर त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर बसवून बघायची. कोड पण सरकून शेजारी गेला तर कॉइल खराब, जागच्या जागी राहिला तर मग प्लगकडं बघायचं. आणि एक, तो दिवा जर लुकलुकायला लागला तर गाडी तशीच दामटू नकोस, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधे, म्हणजे धूर साफ करणाऱ्या भागात, जाऊन तो तापतो आणि खराब होतो, तो पार्ट प्लगच्या कितीतरी पट महाग आहे.

आता अण्णांचं. मुलगी आहे म्हणून भरवसा नाही, असं तू लिहिलंस, आणि त्याच पत्रात चुलत भावावर ओरडल्याचंही लिहिलंस. ती ओळ तूच लिहिलीस म्हणून मला ती परत तुझ्यासमोर ठेवावीशी वाटते. आपल्या भागात पोरींना गॅरेजमधे कसं वागवतात ते मला माहीत आहे, "साहेबांना पाठवा मॅडम" हे वाक्य तू दहा वेळा ऐकलं असशील आणि त्याचा राग रास्त आहे. पण अण्णांची गोष्ट मला वेगळी वाटते. डेपोत ड्रायव्हरचं काम काय असतंय बघ, गाडी चालवायची, ब्रेक कुठं ओढतोय, कसला आवाज येतोय हे ध्यानात ठेवायचं आणि आल्यावर लिहून द्यायचं. पाना मेकॅनिकनं धरायचा. 31 वर्षं ज्या माणसानं स्वतःच्या बसला पाना लावला नाही, आणि पन्नास माणसं मागं बसवून घाट उतरवले, त्याच्या लेखी चालवणाऱ्यानं बॉनेटमधे हात घालणं हे शिस्तीच्या बाहेरचं आहे. त्यात तू पोरगी का पोरगा हा प्रश्न त्यांच्या मनात आलाच असेल असं नाही. शिवाय त्यांचं सगळं आयुष्य डिझेलवर गेलं, आणि डिझेल इंजिनला स्पार्क प्लगच नसतो, तिथं हवाच इतकी दाबतात की तापून डिझेल आपसूक पेटतं. म्हणजे ज्या कामाची तू परवानगी मागतेस ते काम त्यांनी बहुतेक कधी जवळून बघितलेलंही नाही. न बघितलेल्या कामाची माणसाला भीती वाटतेच की.

आणि लपून केलंस तर काय होईल ते पण बघ. नीट झालं तर तुला सांगता येणार नाही, की घाटाला गाडी सुधारली ती माझ्या हातानं. बिघडलं तर बायपास झालेल्या माणसाला लग्नाहून आल्यावर दारात बॉनेट उघडी गाडी दिसणार. दोन्हीकडनं तुझंच नुकसान आहे. त्यात घड्याळाकडं बघत प्लग बदलणं यासारखी वाईट गोष्ट नाही, या कामात सगळ्यात जास्त नुकसान घाईनंच होतंय.

तसं माझ्या हातूनही झालंय. मी तेव्हा 24 वर्षांचा, शेजारच्यांची गाडी, संध्याकाळी त्यांना गोव्याला निघायचं होतं आणि मी म्हटलं अर्ध्या तासात देतो. इंजिन अजून गरम होतं. तिसरा प्लग बसवताना पहिल्या दोन फेऱ्या बोटानं न फिरवता सरळ रॅचेट लावला, जरा जड लागलं, मला वाटलं जुना कचरा असेल, दाबला. प्लग वाकडा शिरला होता. प्लगचे आटे लोखंडाचे, हेड म्हणजे सिलिंडरवरचा प्लग बसतो तो भाग ॲल्युमिनियमचा, हेडचे आटे खोबऱ्याच्या किसासारखे बाहेर आले. हेड उतरवून आमच्याच शॉपला आणलं, भोक मोठं करून नवीन आटे पाडून हेलिकॉइल, म्हणजे आट्यांच्या जागी बसणारी तारेची स्प्रिंग, बसवला, दोन दिवस गेले, त्यांचं गोवा राहिलं. ते काही बोलले नाहीत, पण मला अजून त्या माणसाच्या समोरनं जाताना तो किस डोळ्यासमोर येतो. आमचे मोठे मिस्त्री कन्नड बोलायचे, त्यांनी ते हेड हातात घेऊन बघितलं आणि एवढंच म्हणाले, "निधान, निधान." सावकाश. पुढं मी नवीन पोरांना शिकवलं तेव्हा माझ्याही तोंडात तोच शब्द आला, मराठी पोरांनापण.

म्हणून आता हत्यारांचं. तो 46 पीसचा निळा नाहीतर लाल डबा वाईट नाही, पण त्यात बहुतेक सॉकेट 4 ते 14 नंबरपर्यंतच असतात आणि ते पण आखूड. प्लग खोल खड्ड्यात बसलेला असतो, त्याला लांब सॉकेट लागतो. बहुतेक गाड्यांना 16 एमएमचा, काही नव्यांना 14 चा, जुन्या मारुती 800 सारख्यांना 21 चा. तुझ्या गाडीचा नंबर पुस्तकात बघ नाहीतर तू आणलेल्या नवीन प्लगवरच सॉकेट चढवून बघ, तो सोपा उपाय. प्लगचा सॉकेट घेताना आत रबर किंवा चुंबक असलेलाच घे, कारण सुटलेला प्लग खड्ड्यातनं उचलून आणायचं काम तेच करतं. बाइकच्या किटमधे जो पत्र्याचा नळीसारखा प्लग पाना येतो तो गाडीला वापरू नकोस, तो तिरका होतो आणि प्लगची पांढरी चिनीमाती तडकते. तडा केसाएवढा असतो, डोळ्याला दिसतही नाही, पण ठिणगी त्यातनंच पळते. मग एक सरळ एक्स्टेन्शन, कॉइलच्या बोल्टसाठी 10 नंबर, फट मोजायला तारेचा गेज, आणि टॉर्क पाना, म्हणजे किती जोरानं आवळतोय तो आकडा दाखवणारा. टॉर्क पाना एकटाच तीन साध्या प्लगांपेक्षा महाग आहे, म्हणजे पैसे वाचतील म्हणून घरी करणार असशील तर यावेळी वाचणार नाहीत हे धरूनच चल. मिस्त्री या कामाची जी मजुरी घेतो त्यात तुझं निम्मं सामानही येणार नाही. पण हे सामान पुढच्या गाडीलाही चालतंय, मैत्रिणीच्या गाडीलाही चालतंय, आणि आपल्या गाडीत काय चाललंय हे स्वतःला कळावं म्हणून करायचं असेल तर ते पैसे मला वाया गेलेले वाटत नाहीत. टॉर्क पाना घ्यायचाच नसेल तर उसना मिळतो, तुमच्या मिस्त्रीकडं असेल, विचार.

तू आणलेले प्लग पण परत एकदा बघ. दुकानात गाडीचं नाव सांगून आणलेस का चासी नंबर सांगून? एकाच नावाच्या गाडीत वर्षावर्षाला इंजिन बदलतं. प्लगच्या नंबरात आटे, लांबी, हीट रेंज म्हणजे प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो ते, सगळं असतं. एनजीके कंपनीच्या बऱ्याच प्लगांवर शेवटी 10 किंवा 11 असतं, ती फट आहे, 1.0 किंवा 1.1 मिलिमीटर. हीट रेंजमधे तर कंपनीकंपनीचा हिशोब उलटा आहे, एनजीकेत आकडा मोठा तितका प्लग थंड, बॉशमधे आकडा मोठा तितका गरम, त्यामुळं एका कंपनीचा आकडा बघून दुसऱ्या कंपनीचा अंदाजानं घ्यायचा नाही. प्लग हातातनं फरशीवर पडला तर तो बाजूला ठेव, बसवू नकोस, मनाला कितीही लागलं तरी. आणि डुप्लिकेट प्लग सगळीकडं मिळतात, ओळखीच्या दुकानातनंच घे आणि बिल घे.

आता काम. गाडी आदल्या रात्री लावलेली असू दे आणि सकाळी चालू न करताच बॉनेट उघड. गरम ॲल्युमिनियममधनं प्लग काढला की आटे ओढून येतात, म्हणून इंजिन पूर्ण गार पाहिजे, हात ठेवल्यावर दगडासारखं गार. बॅटरीचं निगेटिव्ह सोड. वर एअर फिल्टरचा डबा किंवा प्लास्टिकचं झाकण आडवं येत असेल तर ते आधी काढ आणि काढताना मोबाईलवर फोटो काढत जा, कुठला पाईप कुठं होता ते नंतर आठवत नाही. एकावेळी एकच सिलिंडर. कॉइलचा जोड काढताना वायर ओढायची नाही, खटका दाबून प्लास्टिक धरून काढायचा, जुन्या गाडीत तो खटका कुरकुरीत झालेला असतोय आणि पटकन तुटतो. बोल्ट काढून कॉइल जरा डावी-उजवी फिरवून सरळ वर उचल.

इथं थांब. प्लग सोडायच्या आधी त्या खड्ड्यात टॉर्च मार. आपल्याकडची तांबडी माती, वाळकं पान, कधी उंदरानं आणून ठेवलेलं काहीतरी, सगळं तिथं साठलेलं असतं, आणि प्लग काढला की ते थेट सिलिंडरमधे पडतं. पंक्चरवाल्याकडची हवा मिळाली तर उत्तम, नाहीतर सायकलच्या पंपाला बारीक नळी लावून हवा मार, डोळ्याला चष्मा लावून. खड्ड्यात ऑइल दिसलं तर घाबरू नकोस, पण लिहून ठेव, वरच्या कव्हरचा रबर गेलाय आणि ते काम मिस्त्रीचं.

प्लग सोडताना पहिला कटकन आवाज येतो, त्यानं दचकू नकोस, तो चांगला आवाज आहे. नंतर हलकं फिरलं पाहिजे. पाव फेरीनंतर परत जड लागायला लागलं तर जोर करायचा नाही, उलटा घट्ट कर, थोडं गंज सोडवायचं तेल सोड, अर्धा तास थांब, मग पुढंमागं करत काढ. त्यावरही नाही आला तर झाकण लावून गाडी मिस्त्रीकडं. यात कमीपणा काही नाही, तुटलेला प्लग काढण्यापेक्षा न काढलेला प्लग शंभर पटीनं बरा.

नवीन प्लग बसवताना मी शिकवलेल्या प्रत्येक पोराला एकच गोष्ट करायला लावली. पेट्रोलच्या रबरी पाईपचा वीतभर तुकडा घ्यायचा, प्लगच्या पांढऱ्या बाजूवर घट्ट चढवायचा, आणि त्या पाईपनं प्लग खड्ड्यात सोडून दोन बोटात पाईप फिरवायचा. आधी जरासं उलटं फिरव, आटे जुळल्यावर बारीक टुक असं बोटाला जाणवतं, मग सुलटं. प्लग सरळ असला तर अगदी लोण्यात फिरल्यासारखा जातो, वाकडा शिरला तर पाईपच घसरतो, आटे वाचतात. पाईपात तेवढी ताकदच नसते, तिथं रबराचा कमकुवतपणाच कामाला येतो. व्हिडिओत हे पाच सेकंदात दाखवतात आणि पुढं जातात, पण सगळं काम इथंच आहे. सगळ्या फेऱ्या बोटानं गेल्या आणि प्लग बुडाला टेकला, की मगच सॉकेट.

घट्ट किती करायचं याचा आकडा प्लगच्या खोक्यावर किंवा गाडीच्या मॅन्युअलमधे असतो. वायसरवाला 14 एमएम आट्यांचा प्लग ॲल्युमिनियम हेडला साधारण 25 ते 30 न्यूटन मीटर, बारीक 12 एमएमचा 15 ते 20. टॉर्क पाना नसला तर वायसरवाला 14 एमएमचा नवीन प्लग बोटानं टेकल्यावर अर्धी ते दोन तृतीयांश फेरी, कारण नवीन वायसर चेपला जायला तेवढं लागतं. तोच प्लग काढून परत बसवत असशील तर वायसर आधीच चेपलेला असतो, तेव्हा घड्याळाच्या तासाच्या काट्याचं एक घर, म्हणजे एक बारांश फेरी, बस. टोकाला निमुळता, बिनवायसरचा प्लग असेल तर त्याला याहूनही कमी, तिथं खोक्यावरचंच बघ. आट्यांना ग्रीस लावा असं कुणीतरी सांगेल. एनजीकेसारख्या कंपन्या नको म्हणतात, त्यांच्या आट्यांना आधीच मुलामा असतो, आणि ग्रीस लावलं की पान्यावर तोच आकडा दिसत असताना प्रत्यक्षात जास्त आवळलं जातं. फट फक्त तपास. निकेलच्या प्लगला कमी-जास्त असेल तर बाहेरची पट्टी हळूच वाकवता येते, मधल्या टोकावर दाब द्यायचा नाही. इरिडियमला हातच लावू नकोस, त्याचं टोक सुईसारखं असतं.

जुने प्लग फेकू नकोस. पुठ्ठ्यावर 1, 2, 3 लिहून ओळीनं ठेव. टोक फिकट तपकिरी, साधारण चहात बुडवलेल्या खारीच्या रंगाचं, तर इंजिनची तब्येत बरी. कोरडी काळी काजळी असली तर पेट्रोल जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय, एअर फिल्टर आठव. ओलं, तेलकट काळं असलं तर ऑइल वर चढतंय, ते मिस्त्रीला दाखवायचं. पांढरंफटक आणि बारीक फोड आल्यासारखं असलं तर तो सिलिंडर जास्त तापतोय, ते पुढं ढकलायचं नाही. तिघांत एकच वेगळा दिसला तर त्या एका सिलिंडरची गोष्ट आहे, तिन्ही सारखे असले तर सगळ्या इंजिनची.

ज्यांच्या गाडीला सीएनजी आहे त्यांनी हे सगळं जरा आधी करायचं, कारण गॅसला ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं, प्लग आणि कॉइल दोघांवर ताण येतो, आणि काही किटवाले फट कमी ठेवायला सांगतात, तो आकडा किटच्या कागदातला घ्यायचा. डिझेलवाल्यांना हा सगळा खटाटोपच नाही.

मिस्त्रीमामांचंही मनात आहे तुझ्या, ते रागावतील म्हणून. मला नाही वाटत. चांगला मिस्त्री प्लगच्या मजुरीवर जगत नाही, क्लच आणि सस्पेन्शनवर जगतो. त्यांना सरळ सांग, मामा, मला शिकायचंय, पहिल्यांदा मी करते, तुम्ही बघा, तुमची मजुरी मी पूर्ण देते. टॉर्क पाना त्यांचा असेल. अण्णांचा त्यांच्यावर विश्वास आहेच, त्यांच्यासमोर तू तीन प्लग बोटानं बसवलेस तर अण्णांना ते कळायला तुला काही बोलावं लागणार नाही. तरीही मामा नाहीच म्हणाले, तर अण्णांशी बोलून घरी कर, पण बोलून.

आणि बोलताना परवानगी मागत बसू नकोस, काम सांग त्यांना. अण्णांना घाटात बरोबर घेऊन जा. सपाटीला चौथ्या गिअरला आणि चढाला तिसऱ्याला गाडी कशी चालते ते त्यांना नुसतं बसून ऐकू दे. 31 वर्षं कानानं इंजिन ओळखलेला माणूस आहे, झटका कधी येतो, किती वेगाला येतो, क्लच दाबला की जातो का, हे तुझ्या स्कॅनरच्या आधी ते सांगतील, आणि प्लग मागं कधी बदलले तेही त्यांनाच आठवेल. डेपोत लिहायचे तसं वहीत लिहून दे म्हणावं, तारीख, किलोमीटर, तक्रार. मग त्यांच्या हातच्या त्या तक्रारीवर तू काम कर.

लग्नाच्या पुढचा रविवार धर. सकाळी सातला, ऊन चढायच्या आत. अण्णांना बॉनेटजवळ खुर्ची टाकून दे, टॉर्च त्यांच्या हातात दे, पाना तुझ्या. झालं की बॅटरी जोडून गाडी चालू कर आणि पाच मिनिटं नुसती उभी ठेव, तिन्ही ठोके सारखे येतात का ऐका दोघं. मग परत तवंदी घाट, यावेळी चालव तू आणि वही अण्णांकडं. घरी आल्यावर तीन जुने प्लग आणि त्या पानाचा फोटो काढून मला पाठव, टोकांचा रंग बघून पुढं काय ते सांगतो.